दहा गुंठ्यांत शाळा: चौक, समोरासमोर वर्ग, 'एल' आकार की गच्चीवर मैदान?

मुंबई-ठाण्यात आणि पुण्याच्या पेठांमध्ये पन्नास-साठ वर्षांच्या शाळा पाडून नव्याने बांधायची वेळ आली आहे. संस्थेच्या बैठकीत आर्किटेक्ट तीन-चार नकाशे ठेवतो आणि विश्वस्तांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: वर्ग किती बसतात? हा प्रश्न पहिला नसावा असं माझं ठाम मत आहे. आधी पुढच्या पंधरा-वीस वर्षांची पटसंख्या ठरवा. दोन तुकड्या भरत होत्या त्या काळातली इमारत पाडून, आज एक तुकडी जेमतेम भरत असताना पुन्हा दोन तुकड्यांचीच बांधली, तर मुलांचा वारा आणि मैदान रिकाम्या खोल्यांना देऊन टाकल्यासारखं होतं.

बोलणं हवेत राहू नये म्हणून एक भूखंड धरू: २५ बाय ४० मीटर, म्हणजे सुमारे दहा गुंठे. चारही बाजूंना मोकळी जागा सोडल्यावर बांधायला समजा १८ बाय ३२ मीटर उरले. वर्ग ८ बाय ६ मीटरचा, म्हणजे साधारण ५०० चौरस फूट. ओसरी २ मीटरची. मजल्याची उंची ३.६ मीटर.

मधे चौक

सगळ्यांना मनापासून आवडणारा पर्याय हाच. परिपाठ चौकात, भोवती ओसरी, मुख्याध्यापकांना सगळे मजले एका नजरेत. पण मोजून पाहा. एका बाजूचा वर्ग ६ मीटर आणि ओसरी २, समोरही तेवढंच. १८ मधून १६ गेले, चौकाला उरले २ मीटर. हा चौक नाही, डक्ट झाला. निदान ६ मीटरचा चौक हवा असेल तर २२ मीटर रुंदी लागते, आणि चार मजले चढवल्यावर त्या ६ मीटरच्या तळाशीही उजेड बेताचाच पोचतो. वाड्याची आठवण कितीही गोड असली, तरी वाडा दुमजली असतो. रुंदी २५ मीटरच्या आसपास मिळत असेल तरच हा नकाशा पुढे न्यावा.

समोरासमोर वर्ग, मधे बोळ

याची बाजू भक्कम आहे, हे मान्य करायला हवं. दोन जिने आणि प्रसाधनगृहं वजा जाता मजल्याला सहा वर्ग बसतात. तीन मजल्यांत अठरा. प्रति वर्ग खर्च सगळ्यात कमी.

किंमत मोजतात ती मुलं. वर्गाला खिडक्या एकाच बाजूला, म्हणजे वारा आरपार जात नाही. खिडकीच्या वरच्या कडेच्या उंचीच्या दोन ते अडीच पट अंतरापर्यंतच कामापुरता उजेड आत येतो. ती कड २.४ मीटरवर असेल तर बोळाकडच्या शेवटच्या रांगेला दिवसाही ट्यूबलाइट लागते. जून ते सप्टेंबर पावसाची झड चुकवायला खिडक्या लावल्या, की चाळीस मुलं आणि चार पंखे आतलीच हवा फिरवत राहतात. बोळातला आवाज दोन्हीकडच्या वर्गांत शिरतो. आणि मैदान? उरलेले चार मीटर धरूनही बाजूची साडेसात मीटरची पट्टी. तिथे मुलं रांगेत उभी राहतील, खेळणार नाहीत.

'एल' आकार, एकेरी ओसरी

३२ मीटरच्या लांब बाजूला ८ मीटर रुंदीची एक पाखी (विंग) आणि आखूड बाजूला तेवढ्याच रुंदीची दुसरी. मजल्याला तीन पूर्ण वर्ग आणि एक थोडी लहान खोली मिळते, शिवाय दोन टोकांना दोन जिने. तळमजला सभागृहासाठी सोडून वर तीन मजले धरले तर नऊ मोठ्या आणि तीन लहान खोल्या. पहिली ते दहावी एकेक तुकडी, ग्रंथालय आणि प्रयोगशाळा एवढं त्यात बसतं. उंची १४.४ मीटर होते. राष्ट्रीय बांधकाम संहितेत १५ मीटरपासून पुढे उंच इमारत धरली जाते आणि अग्निसुरक्षेच्या अटी वाढतात. स्थानिक नियमावलीत ही मर्यादा वेगळी असू शकते, ती पाहून घ्या.

बदल्यात मिळतं ते मोठं आहे. प्रत्येक वर्गाला दोन्ही बाजूंनी हवा. 'एल'च्या कुशीत बाजूची पट्टी धरून साधारण १३ बाय २८ मीटर मोकळं आकाश. खो-खोचं २७ बाय १६ मीटरचं मैदान त्यात बसत नाही, पण कबड्डीचं १३ बाय १० चं बसतं. अग्निशमन गाडीचा रस्ता याच जागेतून जाणार, म्हणून कायमचा चौथरा किंवा खांब तिथे रोवायचा नाही. ओसरी पश्चिमेला आली तर दुपारचं बरंचसं ऊन भिंतीपर्यंत पोचत नाही. मात्र पाऊसही तिकडूनच येतो, तेव्हा छज्जा खोल हवा आणि ओसरीच्या फरशीला बाहेर उतार हवा.

मैदान वर नेणे

लंडनच्या हॅम्पडन गर्नी प्राथमिक शाळेने २००२ मध्ये धाडस केलं: सहा पातळ्यांच्या इमारतीत वर्गांच्या मजल्यांना लागून खेळायच्या आच्छादित गच्च्या. मूल मोठं होईल तसं वरच्या मजल्यावर जातं. जुन्या जागेचा काही भाग घरांसाठी देऊन खर्च उभा केला. त्याच्या कितीतरी आधी, १९३० च्या सुमारास, ॲमस्टरडॅममध्ये आर्किटेक्ट यान डाउकर यांनी घरांच्या दाटीत चार मजली शाळा उभारली आणि मजल्यावरच्या दोन वर्गांमध्ये एक उघडी गच्ची दिली. मुलांना उघड्या हवेत शिकवण्यासाठीच ती शाळा होती.

आपल्याकडे मात्र 'गच्चीवर मैदान' म्हणजे बहुतेकदा वरच्या स्लॅबला जाळी. इथे आकडे समजून घ्या. भारतीय मानकानुसार जाण्या-येण्याच्या गच्चीचा स्लॅब चौरस मीटरला सुमारे १५० किलो भारासाठी करतात, वर्गाचा ३०० आणि जिथे जमाव उभा राहतो तिथला ५०० किलोसाठी. म्हणजे गच्चीवर कवायत घ्यायचं नंतर ठरवता येत नाही, ते पाया खणण्याआधी ठरावं लागतं. एप्रिलमध्ये अकरानंतर गच्ची तापते, पावसाळ्यात बंद राहते, वॉटरप्रूफिंगवर रोज पाय नाचले की खालच्या वर्गात गळती ठरलेली. जमिनीवर कणभरही जागा उरत नसेल तरच हा खर्च करावा, आणि केला तर वर कायमचं छप्पर घालावं.

सभागृह कुठे, आणि कोणासाठी

बहुउपयोगी शब्द नकाशावर लिहिणं सोपं आहे. खरं बघायचं ते तासागणिक वेळापत्रक. कवायत, गायन, पोषण आहाराची पंगत, पालकसभा आणि स्नेहसंमेलनाची तालीम एका जागेत नांदतात. ग्रंथालय त्यात नांदत नाही. प्रयोगशाळा तर नाहीच. दोन वर्गांमध्ये घडीचं प्लायवूड पार्टिशन घालून 'गरज पडली की हॉल' हा सल्ला मी कोणालाच देणार नाही. पार्टिशनपलीकडचा पाढा अलीकडच्या परीक्षेत स्पष्ट ऐकू येतो, आणि रूळ अडकला की ते एकदाच कुठेतरी कायमचं थांबतं.

सभागृह तळमजल्यावर, मैदानाला लागून हवं. 'एल'च्या लांब पाखीत १६ बाय ८ मीटरचं होतं. वर वर्ग ६ मीटरचा आणि ओसरी २ ची असल्याने कॉलम ओसरीच्या बाहेरच्या कडेला नेले, तर सभागृहाच्या मधे एकही खांब येत नाही आणि वरच्या खांबांचा भार बाजूला नेणारे जड ट्रान्सफर बीमही लागत नाहीत. मैदानाकडची बाजू दारांनी पूर्ण उघडली, की पावसाची उघडीप पाहून दोन्ही जागा एक होतात. एवढा मोकळा तळमजला भूकंपात कमकुवत ठरू शकतो. २६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपात अहमदाबादमध्ये खाली मोकळं पार्किंग असलेल्या कितीतरी इमारती कोसळल्या. म्हणून जिन्यांभोवती काँक्रीटच्या भिंती हव्यातच. २०१६ च्या भूकंप मानकात शाळेसाठी भूकंपाचा भार दीडपट धरायला सांगितलं आहे. स्ट्रक्चरल इंजिनिअरला तो धरला का, हे नाव घेऊन विचारा.

संध्याकाळी रात्रशाळा, अभ्यासिका, वस्तीतल्या बायकांचा योगवर्ग, निवडणुकीला मतदान केंद्र. हे सगळं होणारच, तर सभागृहाला रस्त्याकडून वेगळं दार, स्वतःची प्रसाधनगृहं आणि रॅम्प द्या. प्रत्येक वापरणाऱ्याला कुलपाचं कपाट द्या. वरचे मजले बंद ठेवता आले की शिपायाला रात्री सगळी इमारत राखावी लागत नाही. जागा लीजवर असेल तर शाळेबाहेरच्या वापराला परवानगी आहे का, ते आधी वाचा.

जिना

सगळ्या नकाशांत सगळ्यात कमी चर्चा याची होते. दोन पाळ्यांच्या शाळेत दुपारी साडेबाराच्या सुमाराला दारात उभे राहा. सकाळची मुलं दप्तरं पाठीवर टाकून उतरत असतात, दुपारची चढायला आतुर, बाहेर पालकांच्या स्कूटर आणि रिक्षा. पावसात त्यात छत्र्या. पहिलीतलं मूल कठड्याला धरून एकेक पायरी उतरतं आणि मागून नववीचा लोंढा येतो. राष्ट्रीय बांधकाम संहिता शाळेला किमान दीड मीटर रुंद जिना सांगते, पायरी जास्तीत जास्त १५ सेंटिमीटर उंच आणि किमान ३० रुंद. ३.६ मीटर चढायला २४ पायऱ्या होतात. आर्किटेक्टने वीसच दाखवल्या असतील तर जागा मुलांच्या पायातून काढली आहे. दोन्ही जिने रोज वापरात हवेत: एक उतरायला, एक चढायला. दुसऱ्या जिन्याच्या दाराला कुलूप आणि खाली मोडकी बाकं, हे चित्र मला सहन होत नाही. १६ जुलै २००४ ला कुंभकोणमच्या शाळेत ९४ मुलं आगीत गेली, आणि तिथे बाहेर पडायची वाट अरुंद होती.

आता पट खरोखरच दोन तुकड्यांचा असेल, दाखले पाहून खात्री झाली असेल, तर समोरासमोर वर्गांचाच नकाशा घ्या. पण तीन दुरुस्त्यांशिवाय सही करू नका. बोळ तीन मीटरचा करा आणि दोन्ही टोकांना भिंतीऐवजी उघड्या जाळ्या ठेवा. बोळाकडच्या भिंतीत दारावरच्या उंचीला सलग झरोके घ्या, म्हणजे थोडा तरी वारा आरपार जाईल. आणि प्रत्येक मजल्यावरचा एक वर्ग वगळून ती जागा दोन्ही बाजूंनी उघडी ठेवा. अठराचे पंधरा होतील. उरलेल्या तुकड्या कोणत्या पाळीत बसतील, ते मुख्याध्यापकांना वेळापत्रक हातात घेऊन बैठकीतच मांडू द्या.