विंडोजची क्लिपबोर्ड हिस्टरी: मजकूर हलका, फॉरमॅटिंग जड

दिवसभर कॉपी-पेस्ट करणाऱ्यांच्या फार उपयोगाची क्लिपबोर्ड हिस्टरी, म्हणजे कॉपी केलेल्या गोष्टींची यादी, कितीतरी मशीनवर बंदच पडून असते. विंडोज १० च्या ऑक्टोबर २०१८ च्या अपडेटपासून ती आहे. वेगळं काही इन्स्टॉल करायला नको. विंडोज की धरून व्ही दाबा, पहिल्यांदा ‘टर्न ऑन’चं बटण येईल, ते दाबलं की झालं. एरवी नवं कॉपी केलं की आधीचं गेलंच. इथे शेवटच्या २५ गोष्टी यादीत राहतात.

‘यानं रॅम भरेल’ ही भीती मजकुरापुरती तरी सोडून द्या. साधा मजकूर क्लिपबोर्डवर यूटीएफ-१६ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत राहतो, म्हणजे देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला २ बाइट. ‘लक्ष्मी’ दिसायला दोन अक्षरं; आत मात्र ल, क, हलन्त, ष, हलन्त, म आणि दीर्घ वेलांटी अशी ७ चिन्हं. झाले १४ बाइट, मजकूर संपल्याची खूण धरून १६. अडीच हजार चिन्हांचं भरगच्च पान घेतलं तरी ५ केबीच्या आसपास.

जड असतं ते बाकीचं. वर्डमधून परिच्छेद उचलला की तोच मजकूर साधा, तसंच आरटीएफ आणि एचटीएमएल या फॉरमॅटिंगसकटच्या प्रकारांत, अशा अनेक रूपांत देऊ केला जातो. त्यातली काही रूपं प्रोग्रॅम लगेच बनवत नाही, ‘मागाल तेव्हा देतो’ एवढीच नोंद करतो. म्हणून मोठा तक्ता कॉपी करून एक्सेल बंद करायला गेलात तर तो थांबवून विचारतो. पेस्ट व्हायचं असेल तर माहिती ठेवायला हो म्हणा. चित्रांचं तर विचारूच नका: १९२० बाय १०८० चा स्क्रीनशॉट कॉम्प्रेस न करता ठेवला, तर पिक्सेलला ४ बाइट धरून सुमारे ८३ लाख बाइट, म्हणजे वरच्यासारखी साडेसोळाशे पानं!

फाइल कॉपी केली की मात्र क्लिपबोर्डवर फक्त तिचा पत्ता जातो. पेस्ट करण्याआधीच पेनड्राइव्ह काढला तर हाती काही लागत नाही, ते यामुळेच.

पेस्ट केल्यावर डॉक्युमेंट स्वतःची वेगळी प्रत करतं, शिवाय अनडूसाठीही जागा धरतं. पेस्टनंतर मशीन रेंगाळलं तर आधी तिकडे बघा. चालत असेल तिथे कंट्रोल-शिफ्ट-व्हीनं नुसता मजकूर पेस्ट करावा, निम्मा त्रास तिथेच संपतो.

उणिवा आहेत. एका नोंदीला ४ एमबीची मर्यादा आहे. त्याहून मोठी गोष्ट यादीत येत नाही. रीस्टार्ट केलं की पिन न केलेलं, म्हणजे यादीत पक्कं न केलेलं, सगळं पुसलं जातं, त्यामुळे रोज लागणारा पत्ता किंवा ठरावीक उत्तर पिन करूनच ठेवा. सगळ्यात खटकणारी गोष्ट म्हणजे हातानं कॉपी केलेला पासवर्ड यादीत उघडा दिसतो. सामायिक मशीनवर उठण्याआधी ‘क्लिअर ऑल’ दाबाच, आणि त्यानं पिन केलेल्या नोंदी जात नाहीत, त्या एकेक करून काढा.