४५० रुपये किलोचं जाडं मीठ

मुलुंडला आमच्या इमारतीच्या गच्चीवरून पूर्वेला मिठागरांचे वाफे दिसतात. मी ११,२५० रुपये मोजून आणलेलं 'रीफ सॉल्ट', म्हणजे माशांच्या टाकीत समुद्राचं पाणी तयार करायचं खास मीठ, असल्याच कुठल्यातरी वाफ्यातलं निघालं. हे कळायला मला अडीच महिने लागले, आईला दोन मिनिटं.

खाऱ्या पाण्याची टाकी घरी स्वतःच उभी करायची हे माझं जुनं वेड. काचा चिकटवल्या, खालचा संप, म्हणजे पाणी गाळायची जोडटाकी, बनवला, पंपाचे पाइप जोडले. टाकी ३ बाय दीड बाय दीड फूट, म्हणजे साधारण १९० लिटर. वाळू-दगड घातल्यावर पाणी १६० च्या आसपास मावतं. अडलं मिठापाशी. नामांकित कंपनीची सीलबंद बादली परवडेना. (समुद्र इतका जवळ असताना मीठ विकत कशाला, असं प्रत्येक पाहुणा विचारतो. त्यांना एकदा आपल्या खाडीचा वास घ्यायला न्यायला हवं.) तेव्हा ओळखीच्या ओळखीतून 'हा' भेटला. ज्याला त्याला 'सर' म्हणणारा, हसतमुख, आणि खरं सांगायचं तर कामाला हुशार. घरी येऊन त्याने माझा गळणारा जोड बसवून दिला, पैसे घेतले नाहीत. माझा विश्वास तिथेच बसला.

म्हणाला, "मोठी बादली फोडून पाच-पाच किलोच्या पिशव्या करतो सर, ४५० रुपये किलो." २५ किलो घेतलं. सोबत दगडही त्यानेच दिले: जांभळट, भोकाभोकांचे, आत किडे वळवळणारे 'लाईव्ह रॉक'. इंडोनेशियाचा माल आहे, कागद मागाहून देतो, असं सांगितलं. पैसे भलत्याच नावाच्या यूपीआयवर पाठवायचे, नोटमध्ये काही लिहायचं नाही. त्याच्या चॅटवरचे मेसेज २४ तासांत आपोआप पुसले जायचे. मला वाटलं, बिचारा फोनमधली जागा वाचवत असेल!

मीठ कसं कालवायचं ते त्याने समोर करून दाखवलं. लिटरला ३५ ग्रॅम. मग रिफ्रॅक्टोमीटरच्या, म्हणजे खारटपणा मोजायच्या दुर्बिणीसारख्या उपकरणाच्या, काचेवर थेंब टाकून मला डोळा लावायला सांगितला. "पस्तीस दिसतंय? झाला समुद्र." बादलीच्या तळाला करडा गाळ बसला होता, त्याबद्दल विचारलं. "कॅल्शियम आहे सर. चांगलं लक्षण."

पुढचे पाच आठवडे मी शहाण्यासारखं थांबलो. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट होईपर्यंत टाकीत मासे वगैरे सोडायचे नाहीत एवढं वाचलेलं होतं. मग २ क्लाउनफिश, १ क्लीनर कोळंबी, ६ गोगलगायी आणि झोअँथिडचे, म्हणजे फुलासारखे उघडणाऱ्या समुद्री जीवांचे, दोन छोटे झुबके आणले. मासे पहिल्या दिवसापासून मजेत. माझा घात त्यांनीच केला. मासे खातायत, पळतायत, म्हणजे पाणी उत्तम, असं मी धरून चाललो.

गोगलगायी एकेक करून उलट्या पडू लागल्या. "पाणी अजून पिकलं नाही" म्हणून त्याने बॅक्टेरियाची बाटली दिली, १,२०० रुपये. झोअँथिड उघडेनात, म्हणून 'ट्रेस एलिमेंट'ची, म्हणजे सूक्ष्म खनिजांची, बाटली, १,८०० रुपये. दगडांवरचा जांभळा रंग पांढरा पडत चालला, तर म्हणे लाइट बदला. प्रत्येक मरणामागे त्याची एक विक्री. मी कॅल्शियमचं टेस्ट किट घ्यायचं म्हटलं तेव्हा तो हसला. "ते हार्ड कोरलवाल्यांचं काम. तुम्ही कशाला उगाच खर्च करता?" माझा एक रुपया वाचवायची काळजी त्याने तेवढ्या एकाच वेळी केली, आणि तरी मला काही खटकलं नाही.

एका सकाळी कोळंबी कात टाकता टाकता अडकून मेलेली दिसली. अर्धी जुन्या कवचात, अर्धी बाहेर.

त्याच आठवड्यात आई राहायला आली होती. तिचं माहेर उरणकडचं, आजोबांनी आगरात, म्हणजे मिठागरात, काम केलेलं. मी पाणी बदलायला पिशवी उघडली तशी तिने चिमूटभर मीठ बोटांत चुरलं, जिभेवर टेकवलं आणि म्हणाली, "अरे, हे तर जाडं मीठ. कुणीतरी दळून दिलंय." मी तिला समजावायला लागलो की हे स्पेशल असतं. "कसलं स्पेशल? आगरात शेवटचं कडू पाणी सोडून देतात, म्हणून खायचं मीठ कडवट लागत नाही. समुद्राचं पाणी कडू लागतं. हे नुसतं खारट आहे."

दुसऱ्या दिवशी किट आणलं. टाकीतलं नव्हे, बादलीत ताजं कालवलेलं पाणी तपासलं. कॅल्शियम लिटरला ४०० मिलिग्रॅमच्या वर हवं, आलं ६०. मॅग्नेशियम १,३०० च्या आसपास हवं, आलं १५० च्या घरात. क्षारता (आम्ल झेलायची पाण्याची ताकद, तिचं माप वेगळं) जेमतेम १, जिथे ८ तरी लागते.

आईचं म्हणणं रसायनशास्त्रात चपखल बसतं. समुद्राचं पाणी उन्हात आटताना आधी कॅल्शियमचे क्षार खाली बसतात, मग मीठ धरतं, आणि मॅग्नेशियम-पोटॅशियम बरंचसं त्या शेवटच्या कडू पाण्यात उरतं. मधलं तेवढं आपण स्वयंपाकघरात आणतो. रिफ्रॅक्टोमीटरला यातलं काही कळत नाही. पाण्यात किती विरघळलंय ते तो प्रकाशाच्या वाकण्यावरून सांगतो, काय विरघळलंय ते नाही. त्यामुळे पस्तीसचा आकडा खरा होता आणि समुद्र खोटा. शिंपला, कवच, जांभळा थर यांना जे लागतं नेमकं तेच पाण्यात नव्हतं. तळाचा गाळ मिठागरातली माती होती.

फोन केला. आधी तो गोड बोलला. पैसे परत मागितल्यावर आवाज बदलला. "तक्रार करा ना सर. टाकीत दगड कुठले आहेत तेही सांगा." आणि ब्लॉक.

हा मार मात्र मला अपेक्षित नव्हता. दगडाचा जवळून फोटो एका जाणकाराला दाखवला, तर ते आपल्याकडच्याच समुद्रातून फोडलेले प्रवाळ असावेत म्हणाला. कडक कवचाची प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. बाळगणं हाही गुन्हा, शिक्षा ३ ते ७ वर्षं. म्हणजे त्याने मला दगड विकले नव्हते, माझ्या तोंडाला कुलूप विकलं होतं, तेही माझ्याच पैशाने. त्याची बाकीची गिऱ्हाइकं गप्प का, तेही तेव्हाच लक्षात आलं.

दोन रात्री झोप नाही. दगड खाडीत टाकून मोकळं व्हावं असंही मनात आलं. शेवटी ओळखीच्या वकिलाला विचारून वनविभागाच्या १९२६ वर फोन केला. माणसं आली, पंचनामा झाला, दगड गेले, माझा जबाब झाला. यूपीआयच्या नोंदी दिल्या. मेसेज नाहीत, कारण ते पुसले गेलेत. पहिल्याच दिवशी स्क्रीनशॉट घेतले असते तर! मिठाच्या पैशांसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली, पण बिल कुठे आहे हा पहिलाच प्रश्न आला आणि मी तिथेच अडलो. पैसे गेले असं धरूनच चाललोय.

दोन्ही क्लाउनफिश जिवंत आहेत. टाकीत आता पांढरे सिमेंटसारखे कोरडे कृत्रिम दगड आहेत, बिलासकट. मीठ सीलबंद बादलीतलं आणलं, महिनाभर बाकी खर्च आवरून. बादली फोडली तेव्हा किट शोधत होतो, तोवर आईने चिमूट उचलून जिभेला लावली होती. तोंड वाकडं करून म्हणाली, "शी! कडू आहे रे."