थेंबाला साडेतीन हजार: दुखऱ्या पायातून ‘पू’ काढून घेण्यापूर्वी हे वाचा

२०२१ मध्ये सोलापूर रस्त्यावर झालेल्या अपघातात माझ्या डाव्या नडगीचे हाड मोडले. आत सळई घातली, हाड जुळले, वेदना मात्र राहिली. रात्री पायाला चादर लागली तरी आग होते आणि प्रत्येक तपासणीत एक्स-रे चांगला असल्याचेच ऐकावे लागते. तीन वर्षे सलग झोप न मिळालेला माणूस कशावरही विश्वास ठेवतो, हे ज्याने भोगलेले नाही त्याने मला मूर्ख म्हणू नये.

डिसेंबर २०२४ मध्ये औषधांच्या दुकानाबाहेर एका सभ्य दिसणाऱ्या गृहस्थाने आपल्या आईची हीच गत होती असे सांगून एका ‘वैद्या’चा नंबर दिला. वैद्य घरी आला, हाडातला ‘पू’ नळीने ओढून काढतो म्हणाला, थेंबाला ३,५०० रुपये दर ठरला, मी चार-पाच थेंबांचा हिशेब मनाशी धरला आणि त्याने नळीने ओढून ४१ ‘थेंब’ वाटीत टाकले. १,४३,५०० रुपये! एक लाख यूपीआयने दिले, उरलेले रोख, तेही मुलीच्या फीसाठी ठेवलेल्या पैशांतून.

नळी लावलेली असतानाच पत्नी म्हणाली, “अहो, रक्त तर आलंच नाही.” खरोखरच कातडीवर ओरखडासुद्धा नव्हता आणि वाटीतल्या पिवळ्या गोळ्यांना कसलाही वास नव्हता. मी तिलाच गप्प बसवले, कारण त्या क्षणी पाय हलका वाटत होता. पाचव्या दिवशी आग पूर्ववत सुरू झाली. हाडात पू असता तर तो असा नळीने ओढून निघत नसतो, हे अस्थिरोगतज्ज्ञांनी नंतर सांगितले. माझे दुखणे दुखावलेल्या नसांचे आहे आणि त्यासाठी वेगळी औषधे व वेदना-उपचार विभाग असतो, हेही तेव्हाच कळले. हे तीन वर्षांपूर्वी कोणी का सांगितले नाही?

चौकीत “तुम्ही राजीखुशीने पैसे दिलेत” असे ऐकवले, मग हद्द दुसऱ्या ठाण्याची निघाली, तिथून महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे पाठवले आणि तिथे त्या माणसाच्या दवाखान्याचा पत्ता मीच आणावा असे सांगण्यात आले. नोंदणीशिवाय वैद्यकी करणे हा महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ खाली गुन्हा आहे, हे मला त्यांना सांगावे लागले. ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. मी नवव्या दिवशी केला, तोवर त्या माणसाचे खाते रिकामे झाले होते. घरी येणाऱ्याचा नोंदणी क्रमांक आधी मागा, आणि थेंबावर दर सांगणाऱ्याला उंबरा ओलांडू देऊ नका. ती वाटी पत्नीने न धुता पिशवीत बांधून ठेवली आहे. तपासणीसाठी ती अजून कोणीही घेतलेली नाही.