पिंटोंच्या बंडावरचं 1875 सालचं पुस्तक, जुनी प्रत मागवली त्याचा अनुभव

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, पण पुस्तक वाचून झाल्याशिवाय लिहिणं बरोबर वाटत नव्हतं. अजून थोडं राहिलंय, तरी आता लिहून टाकते, कारण दोघातिघांनी विचारलं की एवढे पैसे घालून ते जुनं पोर्तुगीज पुस्तक घेण्यासारखं आहे का.

पुस्तक म्हणजे जोआकिम हेलिओदोरो द कुन्हा रिव्हारा यांचं 'आ कोंजुरासांव द 1787 एं गोवा', म्हणजे 1787 चा गोव्यातला कट. छापलंय 1875 मध्ये, नोव्हा गोवा म्हणजे आपल्या पणजीच्या सरकारी छापखान्यात. पोर्तुगालमधल्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानातून मागवलं, दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, का ते पुढे कळेलच. पुस्तकाचे 85 युरो, पोस्टेज 19 युरो वेगळं, आणि पार्सल पुण्याला पोचायला 26 दिवस लागले.

आधी दुकानाबद्दल बोलून घेते म्हणजे तो विषय संपेल. साइटवर लिहिलं होतं की प्रत उत्तम आहे, मूळ कागदी वेष्टन आहे, किरकोळ डाग आहेत. वेष्टन मूळचंच निघालं हे खरं, आणि त्याचा मला अतिशय आनंद झाला कारण अशी पुस्तकं लोक नंतर बांधून घेतात आणि बांधणारा कडा छाटून टाकतो. पण मागच्या वेष्टनाचा कोपरा गायब, आणि शेवटच्या तीसेक पानांच्या समासातून कसरीने नागमोडी बोगदा काढलाय. अक्षरं वाचलीत, नशीब. पण हे किरकोळ डाग नाहीत ना, हे फोटोत दाखवायला हवं होतं. पॅकिंग म्हणजे एक पातळ पुठ्ठा आणि वर खाकी कागद, दीडशे वर्षांच्या पुस्तकाला कोणी असं पाठवतं का! पहिल्या मेलला उत्तर नाही, दुसऱ्या मेलनंतर 10 युरो परत आले, सॉरीसुद्धा नाही. तुम्ही असं काही मागवणार असाल तर पैसे भरायच्या आधी शेवटच्या पानांचे आणि पाठीच्या शिवणीचे फोटो मागून घ्या, आळस करू नका.

आता पुस्तक. ज्यांना हा विषय माहीतच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, कारण शाळेत आपल्याला 1857 शिकवतात आणि त्याच्या 70 वर्षं आधी गोव्यात काय झालं याची एक ओळसुद्धा नसते, निदान माझ्या पुस्तकात तरी नव्हती आणि मी तर म्हापशाची.

दोन पाद्री, दोघेही गोव्याचेच. एक पणजीचा कायतान फ्रान्सिस्को द कौतो, दुसरा दिवाडीचा जुझे आंतोनियो गोन्साल्व्हिस. मैलापूर, म्हणजे आजच्या चेन्नईतलं, आणि क्रांगानोर, म्हणजे केरळातलं कोडुंगल्लूर, या बिशपच्या दोन जागा रिकाम्या होत्या आणि आपण त्याला लायक आहोत हे सांगायला हे दोघे पार लिस्बनपर्यंत गेले. नकार मिळाला. तुम्ही म्हणाल त्यात काय एवढं, बढती नाही मिळाली. पण 1761 सालीच लिस्बनहून हुकूम निघाला होता की पूर्वेकडच्या मुलखातल्या स्थानिक ख्रिश्चनांना गोऱ्यांसारखेच हक्क, त्यांना कमी लेखायचं नाही. कागदावर. गोव्यात चर्च असो नाहीतर फौज, वरच्या खुर्च्यांवर गोरेच. लिस्बनमध्ये त्यांची गाठ पडली कायतान व्हितोरिनो द फारिया यांच्याशी, हे मूळचे कोलवाळचे, बायको कांदोळीची, पुढे नवरा पाद्री झाला आणि बायको सांता मोनिकाच्या मठात नन झाली. यांचाच मुलगा म्हणजे आबे फारिया, संमोहनवाला, पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी एका बाईवर हात रोखून उभा असलेला पुतळा आहे ना, तो. आम्ही लहानपणी त्या पुतळ्याला घाबरायचो. पुतळ्याचा या कटाशी संबंध आहे हे मला वयाच्या चाळिशीत कळलं याचं मला फार वाईट वाटतं.

तर परत आल्यावर हे पाद्री, कांदोळीचं पिंटो घराणं, फौजेतले काही स्थानिक अधिकारी यांनी मिळून पोर्तुगीज सत्ता उलथवायची ठरवलं, म्हणजे आरोप तसा होता. गव्हर्नर होता फ्रान्सिस्को द कुन्हा इ मेनेझेस. फौजेच्या पावात विष घालायचं ठरलं होतं म्हणे, आणि ज्याला हे काम सांगितलं त्या गोव्यातल्या साष्टीच्या पोदेरानेच, म्हणजे पाववाल्यानेच, जाऊन बातमी फोडली असं सांगतात. ऑगस्ट 1787 मध्ये धरपकड सुरू झाली, 47 जण पकडले, त्यात 17 पाद्री आणि 7 लष्करी अधिकारी. 1788 मध्ये 15 जणांना मारलं. पाद्र्यांना फाशी दिली नाही, त्यांना जहाजात घालून लिस्बनला पाठवलं आणि तिथे वर्षानुवर्षं डांबून ठेवलं. गोन्साल्व्हिस मात्र इंग्रजांच्या मुलखात निसटला आणि शेवटपर्यंत बंगालमध्ये इंग्रजी शिकवत राहिला.

लेखक कोण हे समजून घेतल्याशिवाय हे पुस्तक वाचू नये असं माझं ठाम मत आहे. रिव्हारा पोर्तुगीज, एव्होराच्या ग्रंथालयात ग्रंथपाल होता, 1855 मध्ये गोवा सरकारचा सेक्रेटरी जनरल होऊन आला. म्हणजे सरकारचाच माणूस. पण याच माणसाने 1858 मध्ये कोंकणी भाषेच्या इतिहासावर निबंध लिहिला आणि आपल्याच लोकांनी ही भाषा कशी दडपली ते त्यात स्पष्ट लिहिलं. जुने कागद शोधून छापायचा त्याला ध्यास होता. त्यामुळे या पुस्तकात तुम्हाला बंडखोरांबद्दल कळवळा सापडणार नाही, आजच्या डोळ्याने वाचताना काही ठिकाणी राग येतो, मला तरी आला. त्याच्यासाठी हा राजद्रोहच. पण तो कागद दाखवतो, आणि कागद दाखवले की आपल्याला आपलं ठरवता येतं. माझ्यासाठी सगळी किंमत मागच्या त्या कागदपत्रांचीच आहे.

आणि गंमत म्हणा किंवा दुःख म्हणा, माझ्या प्रतीत नेमकी तीच पानं कापलेली नव्हती. जुन्या पुस्तकांत छापलेला मोठा कागद घड्या घालून शिवतात आणि घडीची कड वाचणाऱ्याने स्वतः कापायची असते. पुढची हकिकत कोणीतरी कापून वाचलेली, मध्ये दोन ठिकाणी पेन्सिलीच्या रेघा पण आहेत, आणि मागे जिथून कागदपत्रं सुरू होतात तिथून घड्या जशाच्या तशा. म्हणजे 1875 पासून या प्रतीतला निकाल कोणी वाचलाच नव्हता.

माझं पोर्तुगीज दोन वर्षांच्या क्लासचं, त्यात जुनं स्पेलिंग, डबल अक्षरं, कायद्याची भाषा आणि अर्ध्या पानाएवढं एकेक वाक्य. मला झेपेना. म्हणून पुस्तक घेऊन म्हापशाला काकांकडे गेले. काका आता पंच्याऐंशीचे, गोवा मुक्तीच्या आधी पणजीच्या लायसियममध्ये, म्हणजे पोर्तुगीज शाळेत, शिकलेले, पोर्तुगीज अजून घडाघडा वाचतात फक्त भिंग लागतं. मी किचनमधली सुरी घेऊन आले तर म्हणाले, "अगो धारेची नको, धार कागदात शिरते, बोथट हाड नाहीतर लाकडाची पट्टी आण." मग माझी जुनी फूटपट्टी काढली शाळेतली, आणि एकेक घडी आतून हळूहळू उघडत गेलो. जुना जाड कागद फाटताना कापडासारखा आवाज येतो. कडेला बारीक पिंज येते ती बोटांना लागते. आतलं पान बाहेरच्यापेक्षा पांढरं होतं, शाईसुद्धा जास्त काळी, इतकी वर्षं उजेडच लागला नव्हता त्याला.

निकालाचा भाग काकांनी मोठ्याने वाचला. आधी पोर्तुगीज मग मराठी, एकेक कलम. घोड्यांच्या शेपटीला बांधून फरफटत फाशीच्या जागेपर्यंत न्यायचं. डोकी तोडून खांबांवर लावायची आणि काळाने ती नष्ट होईपर्यंत तशीच ठेवायची. इथे काका थांबले, भिंग खाली ठेवलं, पाणी मागितलं. मग म्हणाले, आम्ही रोज त्या पणजीच्या पोस्टावरून लायसियमला जायचो, तिथंच समोर मारले म्हणतात त्यांना, आम्हाला मास्तरांनी कधी सांगितलं नाही. मग नावं वाचली. नावं वाचताना ते उभे राहिले. मी काही बोलले नाही, मी पण उभी राहिले.

हे मी रिव्ह्यूमध्ये का लिहितेय तर पुस्तकाचा उपयोग काय हे मला एवढंच सांगता येतं. ज्यांनी शिक्षा दिली त्यांच्याच कागदात त्या माणसांची नावं टिकलीत, अमक्याचा मुलगा, तमक्या गावचा, असं नीट लिहून. दुसरीकडे ती कुठे मिळणार? गावात विचारलं तर पिंटोंचं बंड एवढे दोन शब्द येतात आणि पुढे काही नाही. कांदोळीला आता लोक बीचवर जातात, मी पण गेलेय शंभरदा.

छपाईबद्दल. टाइप सुबक आहे, ओळी मोकळ्या, तळटिपा बारीक पण वाचता येतात. सरकारी छापखान्याचं काम म्हणून मला जेमतेम काहीतरी वाटलं होतं, पण जुळणी फार काळजीने केलीय. कागदावर तांबूस ठिपके आहेत, ते गोव्याच्या हवेत येणारच. शिवण एका जागी सैल झालीय. मी पुस्तक पूर्ण सपाट उघडत नाही, खाली दोन्ही बाजूला घडी केलेला टॉवेल ठेवते, तुम्हीही ठेवा. कसरीसाठी लोक डांबरगोळ्या सांगतात पण मी नाही घातल्या, आठवड्यातून एकदा बाहेर काढून पानं वाऱ्यावर धरते आणि सुती कापडात गुंडाळून ठेवते. पावसात म्हापशाला नेणार नाही.

उणिवा म्हणाल तर रचना विस्कळीत आहे. पुस्तकाच्या पूर्ण नावातच 'आणि त्या काळातल्या इतर काही गोष्टी' असं आहे आणि त्या इतर गोष्टी खरंच इतर आहेत, मध्येच धागा सुटतो आणि परत पकडायला मागे जावं लागतं. सूची असती तर फार बरं झालं असतं. आणि बंडखोरांची बाजू त्यांच्या तोंडून फारशी येत नाही, येते ती जबानीतून, आणि कोठडीत घेतलेली जबानी किती खरी मानायची हा प्रश्न मला सारखा पडत राहिला. पावात विष घालणार होते हे खरं की कबूल करून घेतलं? रिव्हाराला हा प्रश्न जेवढा पडायला हवा होता तेवढा पडलेला दिसत नाही. हे मला खटकलं आणि मी ते सोडून देणार नाही.

कोणी घ्यावं? ज्यांना फक्त माहिती हवी त्यांनी घेऊ नये, सरळ सांगते. चार्ल्स बोर्जिस यांनी याच पुस्तकावरून इंग्रजीत केलेलं भाषांतर 1996 मध्ये दिल्लीहून आलंय, ते बघा, खिशालाही परवडेल आणि समजेलही. मूळ प्रत घ्यावी ती पोर्तुगीज येणाऱ्याने किंवा ज्याच्या घरात माझ्या काकांसारखं कोणी अजून आहे त्याने, आणि लवकर घ्यावी, कारण पोर्तुगीज येणारी ती पिढी आता गोव्यात किती उरलीय ते आपल्याला माहीतच आहे. मराठीत याचं नीट टिपांसकट भाषांतर कोणीतरी करायलाच हवं असं मला मनापासून वाटतं.

पुस्तकाला पाचपैकी साडेचार, दुकानाला दोन.

निकालाच्या पानांचे फोटो मी काढलेत, फ्लॅश न वापरता, आणि काकांचं वाचन मोबाईलवर रेकॉर्ड केलंय, साधारण पन्नास मिनिटं आहे, मध्ये कोकरांचे आणि पोदेराच्या हॉर्नचे आवाज आहेत. बार्देशातलं कोणी असेल आणि घरात पिंटो आडनाव असेल तर सांगा, पाठवते. शेवटच्या सहा घड्या अजून उघडायच्या राहिल्यात. चतुर्थीला म्हापशाला जाणार आहे, पाऊस नसेल तर पुस्तक बरोबर नेईन, काकांनी फूटपट्टी तिथेच ठेवून घेतलीय.