दिवाळीआधी नळाचं काम: प्लंबर बोलवावा की घरीच उरकावं?

फराळाची यादी होते, जळमटं निघतात आणि मग कुणाच्या तरी लक्षात येतं की मोरीतलं पाणी सावकाश जातंय, गच्चीवरच्या टाकीखाली ओल आहे. प्लंबर आत्ताच बोलवावा की पाहुणे गेल्यावर? माझं मत असं की जिथे पाणी साठतं तिथे पैसे घाला, जिथून ते वाहून जातं तिथे स्वतः हात घाला.

कारण आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. जायकवाडी उशाशी असून छत्रपती संभाजीनगरात नळाचा दिवस मोजावा लागतो. लातूरने तर २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेल्या पाण्यावर उन्हाळा काढलाय. घरात दहा माणसं असताना रात्रीतून टाकी रिकामी झाली, तर पुढचं पाणी सुटेपर्यंत टँकरवाल्याच्या विनवण्या करायच्या. त्यात ऐन लक्ष्मीपूजनाला प्लंबरही आपल्या गावी गेलेला असतो.

टाकी रिकामी करण्यात पहिला नंबर फ्लशचा. तोटी ठिबकते ती दिसते तरी. सेकंदाला एक थेंब धरला तरी दिवसाला चार लिटर सहज जातात. फ्लश मात्र आतल्या आत, आवाज न करता गळतो. तपासायला पैसे लागत नाहीत: फ्लशच्या टाकीत जिलबीत घालतात तो खायचा रंग टाका आणि वीस मिनिटं कुणाला जाऊ देऊ नका. भांड्यात रंग उतरला की आतलं रबर गेलं म्हणून समजा. टाकी बाहेर दिसणारी असेल तर रबर घरीही बदलता येतं. भिंतीत बसवलेली असेल तर प्लंबरच बरा.

गच्चीवरच्या टाकीखालचा व्हॉल्व्ह बदलायचा झाल्यास गोल चाकाचा गेट व्हॉल्व्ह घ्यायचा की दांडीचा बॉल व्हॉल्व्ह? बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर दुसरा. वर्षभर न फिरवलेलं चाक क्षाराने असं जाम होतं की पाइप फुटल्यावर दोन माणसांनी जोर लावूनही फिरत नाही. दांडी पाव फेऱ्यात बंद होते आणि व्हॉल्व्ह चालू आहे की बंद, हे लांबूनही कळतं. फक्त महिन्यातून एकदा ती फिरवत राहा.

बॉलकॉक (पाणी वर चढलं की तरंगत्या गोळ्याने आपोआप बंद होणारा नळ) की सेन्सर, यात बरेच जण फसतात. टाकी भरली की सेन्सर मोटार बंद करतो. हौदात नळाचं पाणी आपल्या दाबाने येतं, तिथे मोटारच नसते. ते अडवायला बॉलकॉकच हवा. गच्चीवरच्या टाकीसाठी सेन्सर सोयीचा, पण त्याच्या सळयांवर क्षार चढला की तो चुकतो. दोन्ही लावणं परवडत नसेल तर आधी हौदाचा बॉलकॉक बदला.

आता मोरी. इथे दुकानदार आधी पावडर पुढे करतो. बहुतेक पावडरींत कॉस्टिक सोडा असतो. पाण्यात पडताच तो तापतो. गुंता सुटला तर ठीक, नाही सुटला तर ते जळजळीत पाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे जाळीखालच्या पाणी धरणाऱ्या वळणात, उभं राहतं आणि नंतर जाळी काढणाऱ्याच्या हाता-डोळ्यांवर उडतं. त्यावर ॲसिड ओतणं तर धोक्याचंच. त्यापेक्षा रबरी पंप घ्या: ट्रॅपवर पाणी राहू द्या, सिंकचं ओव्हरफ्लोचं भोक ओल्या फडक्याने दाबा आणि दहा-पंधरा दणके द्या. न्हाणीत केसांचा गोळा असेल तर तारेची स्प्रिंग. एवढं करूनही बाहेरच्या चेंबरमध्ये पाणी तुंबलेलं दिसलं, तर मात्र माणूस बोलवा.

अर्थात तुंबूच न देणं सगळ्यात स्वस्त. चकलीचं उरलेलं तेल सिंकमध्ये ओतू नका. तेल, बेसन आणि साबण मिळून पाइपात लगदा होतो. शंकरपाळ्याचं डालडा तर गार होताच थिजतं. उकळतं पाणी ओतून ते फक्त पुढच्या वळणापर्यंत सरकतं, वर पीव्हीसीचा पाइप मऊ पडतो. कढई आधी कागदाने पुसा. अभ्यंगस्नानाच्या दिवशी उटणं, तेल आणि केस एकदमच न्हाणीत उतरतात. जाळीवर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा टाकला तरी पुष्कळ.

आणि घराला कुलूप लावून तुम्हीच बीड-परभणीकडे गावी निघाला असाल तर? गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून जा, यात विचार करण्यासारखं काही नाही. हौदाच्या नळाचं मात्र अवघड आहे. बंद केला तर परतल्यावर हौद रिकामा, चालू ठेवला तर बॉलकॉकच्या भरवशावर गल्लीत पाणी. बॉलकॉक नवा असेल, आधीच्या नळाच्या दिवशी तो वेळेवर बंद होताना पाहिला असेल, तर चालू ठेवा. जुना असेल तर बंद करा आणि शेजारच्या काकूंना सांगून ठेवा, पाणी सुटलं की तासभर उघडायला.