फुप्फुसाचा दाब वाढलेल्यांसाठी ताकदीचा व्यायाम: बाटली, रबरी पट्टा, खुर्ची की जिम?

टू-डी इको म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'पल्मनरी हायपरटेन्शन', म्हणजे फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा दाब वाढलेला, असं आलं की घरातले पहिलं सांगतात, 'आता काही उचलायचं नाही.' अनेक वर्षं डॉक्टरही हेच सांगत. ते बदलायला 2006 सालचा जर्मनीतल्या हायडेलबर्गचा अभ्यास मोठं कारण ठरला. औषधं सुरू असलेले आणि तब्येत स्थिर असलेले 30 रुग्ण त्यात होते. निम्म्यांना 15 आठवडे व्यायाम दिला, पहिले 3 रुग्णालयात आणि पुढचे 12 घरी. सायकल, चालणं, श्वासाचे व्यायाम आणि अर्धा ते एक किलोचे डंबेल, एवढाच तो कार्यक्रम. शेवटी सहा मिनिटांत चालण्याच्या अंतरात दोन गटांत सरासरी 111 मीटरचा फरक पडला, व्यायाम करणारे पुढं. 2022 च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांत फुप्फुसाच्या धमन्यांच्या आजारात, औषधोपचार चालू असताना, देखरेखीखालच्या व्यायामाची स्पष्ट शिफारस आहे. म्हणून आता ठरवायचं ते एवढंच, की व्यायाम कशानं करायचा आणि कुठं.

निवडताना किलोकडं बघू नका. दोन गोष्टी बघा: एका वेळी किती स्नायू कामाला लागतात, आणि श्वास मोकळा राहतो का.

कारण असं. फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यामुळं हृदयाच्या उजव्या कप्प्याला आधीच जोर लावावा लागतो. मांड्या, कंबर, पाठ असे मोठे स्नायू एकदम रक्त मागू लागले की निरोगी हृदय पुरवठा वाढवतं, इथं तो फार वाढत नाही. मग अंगातला रक्तदाब पडतो आणि डोळ्यांपुढं अंधारी येते. कुंथून, श्वास धरून जोर लावला तर छातीतला दाब वाढतो, हृदयाकडं परतणारं रक्त कमी होतं आणि माणूस जागीच कोसळू शकतो. उलट एका हाताचा दंड हलवायला हृदयाला फारसं काही लागत नाही, आणि तो दंड मात्र बळकट होतो. या आजारात हातापायांचे स्नायूही खरोखर कमजोर होतात. चार पायऱ्यांवर लागणारी धाप काही प्रमाणात पायांच्या कमजोरीचीही असू शकते.

पाण्याची बाटली किंवा छोटा डंबेल

सुरुवातीला आमची पसंती याला. अर्धा लिटरची भरलेली बाटली म्हणजे साधारण अर्धा किलो, लिटरची म्हणजे एक किलो. पाणी कमी-जास्त करून 300 ग्रॅमवरूनही सुरू करता येतं, ही सोय विकतच्या डंबेलात नाही. वजन पूर्ण हालचालीत तेवढंच राहतं, हातातून सुटलं तरी मोठी इजा नाही. पाठ टेकून खुर्चीत बसा आणि एका वेळी एकच हात वापरा. कोपरातून वाकवून वर आणताना दोन आकडे, खाली सोडताना तीन. आकडे मोठ्यानं म्हणा, बोलणाऱ्याला श्वास धरता येत नाही. हात खांद्याच्या वर नेण्याचे प्रकार पहिले काही आठवडे नकोत, त्यात धाप लवकर लागते.

रबरी पट्टा

फिजिओथेरपीच्या साहित्यात मिळणारा पट्टा हलका, स्वस्त, प्रवासात नेता येणारा. बहुतेक कंपन्यांचा पिवळा सगळ्यात हलका, त्यानंतर लाल. पण प्रत्येक कंपनीचे रंग सारखे नसतात, म्हणून पट्टा ताणून बघून घ्या. खांदे मागं ओढण्याच्या व्यायामाला याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. दोष असा, की जितका ताणाल तितका जोर वाढतो आणि शेवटच्या टप्प्यावर लोक हमखास श्वास धरतात. त्यामुळं दीडपटीच्या पुढं ताणू नका. आणखी एक गोष्ट इकडच्या उन्हाळ्याची. पत्र्याच्या खोलीत एप्रिल-मेमध्ये ठेवलेलं रबर चिकट होतं, त्याला बारीक चिरा पडतात. दर वेळी उजेडात धरून बघा. वॉरफेरिन किंवा ॲसिट्रोमसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तुटलेल्या पट्ट्याचा फटकाही मोठा काळानिळा डाग उठवतो.

घोट्याला बांधायचं वजन

मांडीच्या पुढच्या स्नायूंसाठी उत्तम. खुर्चीत बसून एक पाय सरळ करायचा, दोन आकडे थांबायचं, खाली. पहिल्या पंधरवड्यात वजन न बांधताच, नंतर अर्धा किलो. पायाला सूज असेल तर वजन बांधू नका आणि सूज डॉक्टरांना दाखवा.

खुर्चीतून उठ-बस

यात हातात काहीच नसतं, म्हणून घरचे याला सगळ्यात सोपा व्यायाम समजून पहिल्या दिवशीच सुरू करतात. प्रत्यक्षात या यादीत हृदयाला सगळ्यात महाग हाच पडतो. दोन्ही मांड्या आणि कंबर मिळून अख्खं शरीर उचलतात. एक किलोची बाटली पंधरा वेळा उचलणारा माणूस सहाव्या उठ-बशीला पांढरा पडू शकतो. तरीही हा शिकायलाच हवा, कारण संडासला, एसटीत, रानात रोज लागणारी ताकद हीच. क्रमानं घ्या: आधी महिनाभर बसून पायांचे व्यायाम. मग उंच खुर्ची, हातांचा आधार, 5 वेळा. उठताना श्वास सोडायचा. दोन उठ-बशींच्या मध्ये दोन श्वास. बैठका आणि जमिनीवरून उठायचे प्रकार यात धरू नका.

'घरकाम होतंय की, वेगळा व्यायाम कशाला?'

पाणी भरणाऱ्या बायांना हे हमखास ऐकवलं जातं. 15 लिटरचा हंडा म्हणजे भांड्याचं वजन सोडून 15 किलो, तो वाकून, श्वास धरून, झटक्यात उचलावा लागतो. टँकरसमोर रांग असताना मध्येच थांबून दम खाता येत नाही. व्यायामात जे टाळायचं ते सगळं या एका कामात आहे. अशा बाईला रोज पाणी भरायला लावून वर 'व्यायाम झाला' म्हणणं तिच्या जिवाशी खेळणं आहे. हंडा आणि 20 लिटरचा जार घरातल्या दुसऱ्या कुणीतरी उचलावा.

रुग्णालय, घर की जिम?

पहिल्या तीन-चार भेटी रुग्णालयातल्या फिजिओथेरपी विभागात व्हाव्यात, याला आमच्या मते पर्याय नाही. तिथं व्यायाम चालू असताना ऑक्सिजन, नाडी, रक्तदाब मोजला जातो आणि तुमची मर्यादा आकड्यात कळते. पण किनवटहून नांदेडला किंवा भूमहून सोलापूरला आठवड्यातून तीनदा जाणं ही वेगळीच शिक्षा आहे. 2023 पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट असलं तरी प्रवासाचा थकवा निम्मा होत नाही. म्हणून मर्यादा तिथं ठरवा, पुढचं घरी करा, महिन्यातून एकदा दाखवून या. घरी करताना समोर कुणीतरी मोठं माणूस हवं.

जिम नको. तिथली यंत्रं दोन्ही पाय, दोन्ही हात एकदम वापरायला लावतात, आणि 'आणखी एक, आणखी एक' म्हणणारा ट्रेनर या आजारात धोक्याचा. कपालभाती आणि श्वास रोखून धरायचे प्राणायामही वगळा, त्यात छातीतला दाब वाढतो.

कुणी काय निवडावं

सपाटीवर बरं वाटतं पण चढावर दम लागतो, असे लोक बाटली आणि घोट्याचं वजन यांनी सुरू करून दोन महिन्यांत उठ-बशीपर्यंत येऊ शकतात. आंघोळ करतानाही धाप लागते, त्यांनी फक्त एका हाताचे आणि एका पायाचे व्यायाम, तेही देखरेखीखाली. चुलीच्या धुरानं किंवा जुन्या टीबीनं फुप्फुस खराब होऊन दाब वाढलेल्यांचा ऑक्सिजन पटकन उतरतो. घरी ऑक्सिजन सांगितला असेल तर नळी लावूनच व्यायाम. अलीकडं चक्कर येऊन पडलात, बसल्या जागी धाप आहे, खोकल्यातून रक्त येतंय, दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोनं वाढलंय किंवा औषध नुकतंच बदललंय, तर सध्या यातलं काहीच नाही, आधी डॉक्टर.

प्रमाण असं ठेवा: आठवड्यातून 2 ते 3 दिवस, मध्ये एक दिवस सुट्टी. चार-पाच व्यायाम, प्रत्येकी 10 वेळा, दोन व्यायामांमध्ये दीड-दोन मिनिटं विश्रांती. पंधरा दिवसांनी दुसरी फेरी. एका वेळी एकच गोष्ट वाढवा, आधी 10 चे 15, मगच पाणी अर्ध्या लिटरचं पाऊण. शून्य ते दहाच्या मापात धाप 3-4 च्या पुढं नको, म्हणजे पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. बोटाला लावायच्या मशीनवर (पल्स ऑक्सिमीटर) ऑक्सिजन 88 च्या खाली किंवा नाडी 120 च्या वर गेली की थांबा. हृदयात जन्मजात छिद्र असलेल्यांचा ऑक्सिजन बसूनच कमी असतो, त्यांचा आकडा डॉक्टरांकडून वेगळा घ्या. बोटं गार असतील किंवा नेलपॉलिश असेल तर मशीन चुकीचं दाखवू शकतं. दुसऱ्या दिवशीही अंग गळालेलं राहिलं तर मागच्या पायरीवर या.

उन्हाळ्यात सकाळी लवकर, जेवणानंतर किमान दीड तास सोडून. लघवीची गोळी चालू असताना घाम जास्त गेला तर रक्तदाब पडतो. पण म्हणून मनानं तांब्याभर पाणी वाढवू नका, पाण्याचं प्रमाण डॉक्टरांनी बांधून दिलेलं असतं.

छातीत दुखलं, भोवळ आली, धडधड थांबेना, ओठ निळे पडले तर तिथंच बसा आणि 108 ला फोन लावा. अशा वेळी शेजारीपाजारी जिभेखाली सॉर्बिट्रेट, म्हणजे हार्ट अटॅकच्या भीतीनं देतात ती गोळी, ठेवायला धावतात. सिल्डेनाफिल, टाडालाफिल किंवा रिओसिग्वाट ही फुप्फुसाच्या दाबाची औषधं घेणाऱ्याला ती गोळी द्यायची नाही, रक्तदाब जीवघेणा कोसळतो. हे एका चिठ्ठीवर ठळक लिहून व्यायामाच्या जागी भिंतीला लावा आणि दुसरी चिठ्ठी खिशात ठेवा.