नागपूरच्या बर्डीवरच्या वकीलबाई: नोकरकपातीच्या वेळी घेतलेला सल्ला

२०२४ची दिवाळी पंधरा दिवसांवर आली होती. हिंगण्याच्या एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात तपासणीचं कॅमेऱ्याचं मशीन बसलं आणि आम्ही सहा जणी जास्तीच्या ठरलो. एचआरच्या साहेबांनी प्रत्येकीच्या हातात दोन कागद दिले. एक बुटीबोरीच्या युनिटमध्ये स्टोअर हेल्परच्या जागेचा, पगार १९,०००. दुसरा टाइप केलेला राजीनामा, फक्त सही बाकी. "दोन दिवसांत सांगा. पर्यायी काम नाकारलं तर कायद्यानं काहीच मिळत नाही," असं म्हणाले. माझा पगार तेव्हा २४,६०० होता आणि नोकरी जून २०१३पासूनची. त्या रात्री घरी कोणी नीट जेवलं नाही.

नणंदेच्या ओळखीनं बर्डीवरच्या या वकीलबाईंकडे गेले. त्या कामगारांच्याच केसेस घेतात. ऑफिस जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद आणि अंधारा, गुडघे दुखत असतील तर सोबत कोणाला तरी न्या. पहिल्या भेटीची फी १,५०० रुपये. पावती मागितल्यावरच मिळाली. सहाची वेळ होती, नंबर लागला साडेसातला. पण आत गेल्यावर बाईंनी पाऊण तास दिला आणि तेवढ्यात फोन एकदाही उचलला नाही.

पहिलाच प्रश्न विचारला, "सकाळी आठला पोचल्यावर हातात काय घेता जी?" मी सांगितलं, व्हर्निअर आणि गेज. बुशचा व्यास मोजायचा, रजिस्टरमध्ये लिहायचा, खराब माल लाल क्रेटमध्ये टाकायचा. माझ्या ओळखपत्रावर 'क्वालिटी एक्झिक्युटिव्ह' लिहिलं होतं, त्यामुळे मला वाटायचं की कामगारांचा कायदा आपल्याला नाहीच. बाई म्हणाल्या, पदाचं नाव कंपनी काहीही देवो, हातून काम कोणतं होतं ते बघतात. तुम्ही कामगारच आहात.

मग साहेबांच्या धमकीकडे वळल्या. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात पर्यायी काम नाकारल्यास भरपाई बुडते असं कलम होतं, पण ते ले-ऑफपुरतं, म्हणजे काम तात्पुरतं थांबवतात तेवढ्यापुरतं. तिथेही नेहमीचा पगार कायम हवा आणि जागा त्याच गावात किंवा पाच मैलांच्या आत हवी. बुटीबोरी त्याच्या कितीतरी पलीकडे, आणि पगार तर ५,६०० रुपयांनी कमी. शिवाय कामगाराचा पगार बदलायचा तर एकवीस दिवसांची नोटीस लागते. कायमच्या कपातीला नियमच वेगळा.

माझ्याच पगाराच्या स्लिपमागे त्यांनी हिशेब मांडला. कपातीची भरपाई: २४,६०० भागिले ३०, गुणिले १५, गुणिले ११ वर्षं, म्हणजे १,३५,३००. नोटिशीच्या बदल्यात एक महिन्याचा पगार २४,६००. ग्रॅच्युइटीला मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १८,२०० धरायचे आणि भाग ३०ऐवजी २६ने द्यायचा, बाकी गुणाकार तोच, ते झाले १,१५,५००. राजीनाम्यावर सही केली असती तर यातली फक्त ग्रॅच्युइटी हाती आली असती. १,५९,९०० रुपयांचा फरक. माझ्या मुलीची दोन वर्षांची फी आहे ती.

पण माझ्या दृष्टीनं या बाईंची खरी किंमत कळली ती पुढे. बुटीबोरीच्या पत्रातली एक ओळ त्यांनी लाल पेनानं अधोरेखित केली. 'रुजू होण्याची तारीख: १ नोव्हेंबर २०२४.' मी ते पत्र चार वेळा वाचलं होतं आणि माझं लक्ष फक्त पगाराच्या आकड्याकडे होतं. बाई म्हणाल्या, "राजीनामा देऊन ही तारीख घेतली तर ग्रॅच्युइटी मिळायला लागणारी पाच वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजायची. आणि पुढची कपात झाली तर शेवटी आला तो आधी जातो. म्हणजे पहिला नंबर तुमचाच."

त्यांनी मराठीत एक पानाचं पत्र करून दिलं, त्याचे २,००० वेगळे. मी काम नाकारत नाही, सध्याच्या पगारावर आणि जून २०१३पासूनची सेवा अखंड धरून द्याल ते काम करीन, ते शक्य नसेल तर कायद्याप्रमाणे कपात करा आणि पैसे द्या. एवढंच. पत्र उद्या देते म्हणून बाईंनी दोन दिवस लावले, आणि ते दोन दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. त्यांनी हेही सांगून ठेवलं होतं की कंपनी ऐकली नाही तर सिव्हिल लाइन्सला कामगार खात्यात समेटासाठी अर्ज करायचा आणि पंचेचाळीस दिवसांनी थेट कामगार न्यायालयात जाता येतं. तशी वेळ आली नाही. दहाव्या दिवशी हिंगण्यातच डिस्पॅचमध्ये जागा दिली. पगार तोच, सेवा अखंड, लेखी.

आमच्यातल्या चौघींनी मात्र पहिल्याच दिवशी राजीनाम्यावर सह्या केल्या होत्या. एकीची चौदा वर्षं झाली होती. तिच्यासाठी माझा जीव अजून तुटतो.

माझं प्रकरण जुन्या कायद्याखालचं. २१ नोव्हेंबर २०२५पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे, तेव्हा कलमं आणि आकडे बाईंकडून नव्यानं समजून घ्या. जाताना नेमणुकीचं पत्र, तीन महिन्यांच्या स्लिपा, पीएफचं पासबुक आणि कंपनीनं दिलेला प्रत्येक कागद न्या, सही न केलेला असला तरी. शनिवारी सकाळी अकराच्या आत गेलात तर फार थांबावं लागत नाही.